चूर्ण-विवर्तन आणि नॅनोस्फटिकांची अणुरचना : एक ऐतिहासिक मागोवा

सारांश

क्ष-किरण चूर्ण-विवर्तन ही पदार्थांची अणुरचना जाणून घेण्याची शतकाहून अधिक जुनी पद्धती आहे. तिच्या उगमापाशीच दोन स्वतंत्र विचार होते. एकाने स्फटिकातील नियमित जालक गृहीत धरले, तर दुसऱ्याने केवळ अणूअणूंमधील अंतरे विचारात घेतली. विसाव्या शतकात पहिला विचार प्रस्थापित झाला आणि दुसरा बराच काळ स्फटिकशास्त्राच्या कडेला राहिला. काही नॅनोमीटर आकारमानाच्या स्फटिकांनी पहिल्या विचाराच्या मर्यादा उघड केल्या व दुसऱ्याला पुन्हा केंद्रस्थानी आणले. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेतला असून, आपल्या महाविद्यालयीन संशोधनात विवर्तनालेखाचा पुरावा म्हणून वापर करताना त्यातून कोणता बोध घ्यावा, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : चूर्ण-विवर्तन, नॅनोस्फटिक, शेरर सूत्र, डेबाय समीकरण, अणुयुग्म वितरण.

१. प्रस्तावना

भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००१ मध्ये नॅनोविज्ञानविषयक उपक्रम आणि २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’ हाती घेतल्यानंतर नॅनोपदार्थांचे संशोधन विद्यापीठांपुरते मर्यादित न राहता महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचले. झिंक ऑक्साइड, कॅडमियम सल्फाइड, फेराइटे, चांदीचे व सोन्याचे कण हे विषय पदव्युत्तर प्रकल्पांतही रुळले. अशा संशोधनाच्या प्रबंधांत एका आशयाचे वाक्य हमखास आढळते. विवर्तनालेखातील शिखरे प्रमाण पत्रिकेशी जुळली, शेरर सूत्राने कणाचे आकारमान अमुक नॅनोमीटर आले, सबब पदार्थाची रचना निश्चित झाली, असे ते वाक्य असते.

या एका वाक्यात तीन विधाने आहेत. पहिले ओळखीविषयी, दुसरे आकारमानाविषयी व तिसरे रचनेविषयी. पहिल्या दोहोंना विवर्तनालेखाचा आधार असू शकतो. तिसरे मात्र बहुतेक वेळा सिद्ध केलेले नसून गृहीत धरलेले असते. कण मोठा असेल तर या गृहीताने फारसे बिघडत नाही. कण दोन-तीन नॅनोमीटरचा असेल तर मात्र सारे तेथेच बिघडते. कोणत्याही साधनाची चिकित्सा करताना ते कोणी, कशासाठी व कोणत्या गृहीतांवर निर्माण केले हे इतिहासाचा अभ्यासक प्रथम पाहतो. विवर्तनालेख हेही एक साधनच आहे. म्हणून त्याचीही चिकित्सा त्याच्या इतिहासातून करणे उचित ठरेल.

२. एकस्फटिकाचे युग

राँटजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा हे किरण तरंगरूप आहेत की कणरूप, हे ठाऊक नव्हते. १९१२ मध्ये म्युनिक येथे माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून वाल्टर फ्रिडरिख व पाउल क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठविले आणि छायाचित्रण पट्टीवर ठिपक्यांची आकृती मिळविली. क्ष-किरण तरंगरूप आहेत आणि स्फटिकात अणूंची मांडणी नियमित असते, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रयोगाने पुढे आल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी या ठिपक्यांचा अर्थ अत्यंत सोप्या रीतीने लावला. अणूंची समांतर प्रतले आरशांप्रमाणे किरण परावर्तित करतात आणि लागोपाठच्या प्रतलांवरून येणारे तरंग एकमेकांना पूरक ठरतात त्याच कोनात परावर्तन तीव्र दिसते, असे त्यांनी दाखविले. लाउए यांना १९१४ चे व ब्रॅग पितापुत्रांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी धाकटे ब्रॅग अवघे पंचवीस वर्षांचे होते.

तथापि, या पद्धतीस एक अडचण होती. तिला सुबक व पुरेसा मोठा एकस्फटिक लागे. निसर्गातील व कारखान्यांतील बहुसंख्य पदार्थ तर भुकटीच्या किंवा बारीक कणांच्या रूपात आढळतात. ही अडचण दूर करण्याचा मार्ग पहिल्या महायुद्धाच्या काळात सापडला.

३. गॉटिंगेन येथील दोन वाटा

डच भौतिकशास्त्रज्ञ पेटर डेबाय यांनी १९१५ मध्ये एक सैद्धांतिक प्रश्न विचारला. अणूंचे गट कोणत्याही दिशेला तोंड करून अस्ताव्यस्त पसरलेले असतील, तर त्यांच्यापासून होणाऱ्या प्रकीर्णनात व्यतिकरणाची काही खूण शिल्लक राहील काय? सर्व दिशांची सरासरी घेतल्यावरही ती राहते, असे त्यांच्या गणिताने दाखविले. त्यांच्या समीकरणात स्फटिक, जालक किंवा प्रतल यांपैकी काहीच येत नाही. गटातील प्रत्येक दोन अणूंमधील अंतर घ्यावे, त्या अंतरानुसार त्या जोडीचा वाटा काढावा व सर्व जोड्यांची बेरीज करावी, एवढीच त्याची रीत आहे. गट स्फटिकी असो, काचेसारखा असो वा एकच रेणू असो, समीकरण तेच राहते.

या कल्पनेची प्रायोगिक तपासणी करण्याचे काम डेबाय यांनी गॉटिंगेन येथे आपले स्विस विद्यार्थी पाउल शेरर यांच्यासह हाती घेतले. अणूतील इलेक्ट्रॉनांच्या मांडणीमुळे पसरट वलये दिसावीत, अशी त्यांची अपेक्षा होती. लिथियम फ्लोराइडच्या भुकटीने मात्र त्यांना पसरट वलयांऐवजी रेखीव रेषा दिल्या. भुकटीचा प्रत्येक कण हा स्वतः एक सूक्ष्म स्फटिक आहे आणि असंख्य कणांपैकी काही कण योग्य कोनात असतातच, हे त्या रेषांचे कारण होते. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे कार्य चूर्ण-विवर्तनाचा आरंभ मानले जाते. युद्धामुळे जर्मन व अमेरिकी संशोधकांचा संपर्क खंडित असताना, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हल यांनीही स्वतंत्रपणे हीच पद्धती शोधली व १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांना लोखंडाची रचना हवी होती.

रेखीव रेषा मिळताच लक्ष साहजिकच जालकाकडे वळले. १९१८ मध्ये शेरर यांनी आणखी एक पाऊल टाकले. गॉटिंगेन येथेच रिचर्ड झिगमोंडी कलिलांवर संशोधन करीत होते. कलिलस्वरूप सोन्याचा विवर्तनालेख घेतला असता रेषा सोन्याच्याच जागी, परंतु रुंदावलेल्या दिसल्या. समांतर प्रतलांची संख्या कमी झाली की परावर्तनाचा रेखीवपणा कमी होतो. म्हणून रेषेची रुंदी कणाच्या आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. हेच शेरर सूत्र होय. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा कण त्यामुळे मोजता येऊ लागला. सोन्याच्या कलिलकणांच्या आत मोठ्या सोन्याचेच जालक असते, हा त्या कार्यातील दुसरा निष्कर्ष होता.

अशा रीतीने एकाच नगरात तीन वर्षांच्या आत दोन साधने निर्माण झाली. शेरर यांच्या साधनाने नियमित जालक गृहीत धरून त्याचा विस्तार मोजला, तर डेबाय यांच्या साधनाने काहीही गृहीत न धरता केवळ अंतरे मोजली.

४. पहिल्या वाटेचा विस्तार

यानंतरच्या अर्धशतकात पहिली वाट राजमार्ग झाली. हल यांनी १९१९ मध्ये चूर्ण-विवर्तन हे रासायनिक पृथक्करणाचे साधन होऊ शकते, असे प्रतिपादन केले. प्रत्येक स्फटिकी पदार्थाच्या रेषा त्याच्या बोटांच्या ठशांसारख्या वेगळ्या असतात, हे त्यामागील तत्त्व होते. १९३८ मध्ये अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीत हॅनावॉल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजार पदार्थांचे आलेख व सर्वांत तीव्र अशा तीन रेषांवरून पदार्थ ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यातूनच प्रमाण पत्रिकांचा संग्रह उभा राहिला. आपण ज्यास ‘जेसीपीडीएस पत्रिका’ म्हणतो ती या परंपरेतील असून, तो संग्रह सांभाळणाऱ्या संस्थेचे नाव १९७८ मध्ये ‘विवर्तन माहितीचे आंतरराष्ट्रीय केंद्र’ असे झाले.

नेदरलँड्समधील पेटन येथील अणुभट्टीवर काम करणारे ह्यूगो रीटवेल्ड यांनी १९६९ मध्ये आणखी मोठी झेप घेतली. भुकटीच्या आलेखात अनेक शिखरे एकमेकांवर चढतात. ती सुटी करण्याचा आग्रह सोडून त्यांनी संपूर्ण आलेखच रचनेच्या प्रतिरूपावरून संगणकाने काढला आणि प्रत्यक्ष आलेखाशी जुळेपर्यंत प्रतिरूप सुधारत नेले. प्रारंभी न्यूट्रॉनांसाठी असलेली ही पद्धती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्ष-किरणांसाठीही वापरली जाऊ लागली.

मात्र या साऱ्या यशाच्या मुळाशी एकच अट होती. एक लहानशी कोष्ठिका तिन्ही दिशांना अगणित वेळा पुन:पुन्हा मांडली म्हणजे पदार्थ तयार होतो, अशी ती अट होय. शिखरांच्या तळाशी जो मंद, पसरट भाग उरतो तो पार्श्वभूमी समजून वजा केला जाई.

डेबाय यांची वाट मागे का पडली, याचे उत्तर बव्हंशी अंकगणितात आहे. ५५ अणूंच्या गटात अणूंच्या १,४८५ जोड्या होतात. दहा नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या गोल कणात सुमारे ३१ हजार अणू व जवळपास ४८ कोटी जोड्या असतात. संगणकपूर्व काळात ही बेरीज अशक्यच होती. तरीही ती वाट ओस पडली नाही. ज्या पदार्थांना जालकच नाही, त्यांच्या अभ्यासकांनी ती राखली. १९२३ मध्ये कोलकाता येथे सी. व्ही. रामन व के. आर. रामनाथन यांनी द्रवांमधील क्ष-किरण विवर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९२७ मध्ये झेर्निके व प्रिन्स यांनी प्रकीर्णनाच्या आलेखाचे फूरिये रूपांतर करून अणूंमधील अंतरांचे वितरण काढता येते, असे दाखविले. १९३० मध्ये डेबाय व मेन्के यांनी ते द्रवरूप पाऱ्यासाठी प्रत्यक्ष वापरले. रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५० मध्ये कर्बाच्या पसरट विवर्तनालेखांचा जो अर्थ लावला, तोही याच परंपरेत मोडतो.

५. सोन्याने दिलेला इशारा

अत्यंत लहान कणात मोठ्या पदार्थाचेच जालक असते, हा निष्कर्ष सोन्यावरून निघाला होता. त्याला सर्वांत ठळक अपवादही सोन्यानेच दाखविला, हे इतिहासदृष्ट्या लक्षणीय आहे.

१९६२ मध्ये लंडन येथील ॲलन मॅके यांनी समान गोलांची एक दाट रचना मांडली. तिचा बाह्याकार विंशतिफलकाचा असून तिच्यात पाचपदरी सममिती आहे. जालकाच्या नियमांत ही सममिती बसतच नाही. पंचकोनी फरशांनी जमीन फटी न ठेवता झाकता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. १९६६ मध्ये जपानमधील शोझो इनो यांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांत अशीच पाचपदरी, जुळ्या भागांची रचना इलेक्ट्रॉन विवर्तनाने व सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिली. म्हणजे कण सोन्याचाच, अणूंमधील जवळची अंतरेही जवळपास सोन्याचीच, परंतु अखंड जालक त्यात नव्हते.

याचे कारण पृष्ठभागात आहे. मॅके यांच्या ५५ अणूंच्या विंशतिफलकात ४२ अणू पृष्ठभागावर असतात व केवळ १३ आत राहतात. ९२३ अणूंच्या गटातही ३६२ अणू पृष्ठभागावरच असतात. ज्या अणूंना एका बाजूने शेजारी नाहीत त्यांची संख्या एवढी असेल, तर आतील अणूंनी मोठ्या स्फटिकाचा नियम पाळावा, अशी अपेक्षा करणे धाडसाचे ठरते.

अशा कणांसमोर नेहमीचा विवर्तनालेखही दुबळा पडतो. तांब्याच्या क्ष-किरण नलिकेची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर असते. तीवर सोन्याची पहिली दोन शिखरे साधारणतः ३८.२ व ४४.४ अंशांवर येतात. शेरर सूत्रानुसार तीन नॅनोमीटरच्या कणासाठी पहिल्या शिखराची रुंदी सुमारे २.८ अंश व दोन नॅनोमीटरच्या कणासाठी सुमारे ४.२ अंश होते. दोन शिखरांमधील अंतरच ६.२ अंश असल्याने ती एकमेकांत मिसळू लागतात. त्यातच रुंदी वाढण्याची इतर कारणे असतात. उपकरणाचा स्वतःचा वाटा, स्फटिकातील आंतरिक ताण, थरांच्या क्रमातील दोष आणि जुळे भाग ही सर्व कारणे रुंदीतच भर घालतात. सूत्र मात्र सारी रुंदी आकारमानाच्या खात्यावर टाकते. दशफलकी कणासाठी ते कणाचे नव्हे, तर त्यातील एकेका सुसंगत भागाचे माप देऊ शकते.

६. दुसऱ्या वाटेचे पुनरागमन

नॅनोस्फटिकांचे रसायनशास्त्र बहरू लागले तेव्हा डेबाय समीकरणाची आठवण होणे अपरिहार्य होते. मौंगी बावेंडी, लुई ब्रुस व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या कणांच्या रचनेचा क्ष-किरण अभ्यास प्रसिद्ध केला. १९९३ मध्ये मरे, नॉरिस व बावेंडी यांनी समआकारी नॅनोस्फटिक बनविण्याची प्रसिद्ध रीत मांडली. त्या लेखातही कणाचे अणू संगणकात मांडून, त्यांच्या विवर्तनाचे गणित करून ते प्रयोगाशी ताडून पाहिले आहे. थरांच्या क्रमातील दोष विचारात घेतल्यावर ते चांगले जुळले. या क्षेत्रातील कार्यासाठी बावेंडी, ब्रुस व अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गौरवामागे ‘कण कसा बनवावा’ याइतकाच ‘कण आतून कसा आहे’ हाही प्रश्न होता.

याच सुमारास द्रव व काच यांच्या अभ्यासातील अणुयुग्म वितरणाची पद्धती सिंक्रोट्रॉनांमुळे समर्थ झाली. अतिऊर्जावान किरणांमुळे प्रकीर्णनाचा विस्तृत टप्पा मोजता येऊ लागला. रेखीव शिखरे व पूर्वी वजा केला जाणारा पसरट भाग हे दोन्ही एकत्र घेऊन त्यांचे रूपांतर केले जाते. मिळणाऱ्या आलेखातील प्रत्येक शिखर अणूंच्या जोड्यांचे एक अंतर दर्शविते. त्याच्या क्षेत्रफळावरून शेजाऱ्यांची संख्या व रुंदीवरून अव्यवस्था कळते, आणि ज्या अंतरापलीकडे शिखरे विरून जातात ते अंतर सुसंगत मांडणीची मर्यादा सांगते.

या पद्धतीने मिळालेले दोन निष्कर्ष येथे विशेष उल्लेखनीय आहेत. २००४ मध्ये बेंजामिन गिल्बर्ट, जिलियन बॅनफिल्ड व सहकाऱ्यांनी ३.४ नॅनोमीटर व्यासाच्या झिंक सल्फाइड कणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कण ३.४ नॅनोमीटरचा असला तरी त्यातील अणूंची सुसंगती दोन नॅनोमीटरपलीकडे टिकत नव्हती. म्हणजे कणाचे आकारमान व सुव्यवस्थेचे आकारमान या दोन भिन्न राशी ठरल्या. तत्पूर्वी, २००३ मध्ये याच गटाने सुमारे तीन नॅनोमीटरच्या झिंक सल्फाइड कणांना पाण्याचा संपर्क होताच सामान्य तापमानालाच त्यांची अंतर्गत रचना अधिक सुव्यवस्थित होते, असे दाखविले होते. अशा कणाच्या रचनेविषयी बोलताना तो कोणत्या परिसरात ठेवला होता, हे सांगावेच लागते.

तिसरे उदाहरण पुन्हा सोन्याचे आहे. १४४ सुवर्ण-अणू व ६० गंधकयुक्त रेणुगट असलेल्या कणांचे सूत्र निश्चित होते आणि विंशतिफलकी गाभा अपेक्षित होता. २०१६ मध्ये कर्स्टन येन्सेन, सायमन बिलिंज व सहकाऱ्यांनी अणुयुग्म वितरणाच्या साहाय्याने त्याच सूत्राचा दशफलकी गाभ्याचाही एक प्रकार आढळल्याचे दाखविले. सूत्र एक व अणूंची संख्या एक, तरी रचना मात्र दोन होत्या. सूत्र व आकारमान कळले म्हणजे रचना कळली, या समजाला यापेक्षा स्पष्ट उत्तर क्वचितच मिळेल.

ही दुसरी वाटही निर्दोष आहे असे नव्हे. अंतरांच्या यादीवरून त्रिमितीय रचना उभी करणे हे गावांमधील केवळ अंतरांवरून नकाशा काढण्यासारखे आहे, आणि येथे कोणते अंतर कोणत्या दोन गावांचे हेही सांगितलेले नसते. २००६ मध्ये साठ कर्ब-अणूंच्या गोलाकार रेणूची रचना अशा अंतरांवरून, पूर्वप्रतिरूपाशिवाय, पुन्हा उभी करण्यात यश आले. परंतु तो रेणू अत्यंत सममित आहे. २००७ मध्ये बिलिंज व इगोर लेव्हिन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकातील लेखात या प्रश्नाची स्पष्ट मांडणी केली. नॅनोरचनेसाठी कोणतेही एक साधन पुरेशी माहिती देत नाही. म्हणून विवर्तन, सूक्ष्मदर्शन, वर्णपटविज्ञान व सैद्धांतिक गणित यांचा एकत्र मेळ घालावा लागेल, असा त्या मांडणीचा रोख होता.

७. आपल्या संशोधनासंदर्भात काही विचार

ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांतील संशोधकाकडे सिंक्रोट्रॉन नसतो. बहुधा तो नमुना दुसऱ्या संस्थेकडे पाठवून आलेख मिळवितो. तथापि साधने अगदीच दूर आहेत असे नाही. इंदूर येथील ‘इंडस-२’ सिंक्रोट्रॉन आणि मुंबईत तुर्भे येथे १९८५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘ध्रुवा’ अणुभट्टी यांवरील विवर्तनाच्या सोयी विद्यापीठीय संशोधकांनाही उपलब्ध झाल्या आहेत. शिवाय डेबाय समीकरणाला आता महागडे यंत्र लागत नाही. काही हजार अणूंच्या कणाची बेरीज साध्या संगणकावरही होते. पदव्युत्तर विद्यार्थ्याने विंशतिफलकी व जालकबद्ध अशा दोन सुवर्णकणांचे आलेख स्वतः काढून ते एकमेकांशेजारी ठेवले, तर प्रमाण पत्रिकेवर बोट ठेवण्यापेक्षा तो अधिक शिकेल.

साधन मिळाले नाही तरी भाषेतील काटेकोरपणा मिळविता येतो. उपकरणामुळे होणारी रुंदी वजा केली काय, हे नोंदवावे. सूत्राने आलेल्या राशीस ‘कणाचे आकारमान’ न म्हणता ‘सुसंगत भागाचे सरासरी आकारमान’ म्हणावे. ती दशांशचिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत देण्याचा मोह टाळावा. सूक्ष्मदर्शकातील आकारमान वेगळे आले, तर त्या तफावतीस चूक समजून झाकू नये. गिल्बर्ट व सहकाऱ्यांच्या कार्यात कणाचा व्यास व सुसंगतीची मर्यादा यांतील तफावत हाच शोध होता.

८. निष्कर्ष

चूर्ण-विवर्तनाचा इतिहास पाहता पुढील गोष्टी स्पष्ट होतात. शेरर सूत्र चुकीचे नाही. ते ज्या प्रश्नासाठी निर्माण झाले त्याचे उत्तर ते आजही देते. परंतु ‘किती मोठे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘कसे रचलेले?’ या प्रश्नाला लागू करता येत नाही. दुसरे असे की, डेबाय यांचे समीकरण मागे पडले ते सदोष होते म्हणून नव्हे. त्याला लागणारी गणनक्षमता उपलब्ध नव्हती आणि स्फटिकशास्त्राला तोवर त्याची निकड भासली नव्हती. तिसरे म्हणजे, पार्श्वभूमी म्हणून जे वजा केले जात होते त्यातच नॅनोस्फटिकांच्या रचनेचा मोठा पुरावा होता.

आपल्या प्रबंधांतील ते नेहमीचे वाक्य लिहिताना संशोधकाने व ते तपासताना मार्गदर्शकाने हा इतिहास लक्षात ठेवला, तर ‘रचना निश्चित झाली’ हे शब्द पुराव्याने साधार होतील. एरवी ‘शिखरे जुळली’ एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल.